माझा पन्नास टक्के बोनस आणि कप्प्यातली ती

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. आरसी बुकात माझा रंग चंदेरी लिहिलाय. प्रत्यक्षात बघाल तर वरण उतू गेलेल्या पातेल्याचा. डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला एका चार मजली इमारतीखाली, दोन खांबांच्या मध्ये मी राहते. वय वर्षे अकरा. माणसांत हे वय पाचवी-सहावीचं. गाड्यांत या वयाला नातवंडं होतात.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण त्या दिवसांचं मला फारसं आठवत नाही. सगळ्या सारख्याच दिसत होत्या, त्यामुळे तेव्हा हेवा वाटायला वाव नव्हता.

मला घरी आणलं महेंद्र जाधव यांनी. ते वागळे इस्टेटमधल्या एका पंपांच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहेत. दिवसभर पंपांचे सुटे भाग उजेडात धरून बघायचे, खोट दिसली की पिवळ्या खडूने गोल करायचा, शेजारी तारीख टाकायची. चालण्यासारखं असेल तर 'ओके' लिहायचं, नसेल तर परत पाठवायचं. हा खडू त्यांच्या खिशात रविवारीही असतो. मी घरी आले त्या संध्याकाळी घरच्यांनी पार्किंगमध्ये उभं राहून त्रिशरण-पंचशील म्हटलं, माझ्या आरशाला निळी रिबीन बांधली. त्या पाच शीलांत हेवा करू नये असं कुठेच नाही. मी नीट ऐकलंय.

त्याच दिवशी माझा विमा उतरवला. तो एजंट तानाजी यांनी. हे गृहस्थ अर्ध्या कोपरचा विमा बघतात आणि उरलेल्या अर्ध्याला गाठायच्या प्रयत्नात असतात. मित्रांनो, विम्याचे दोन भाग असतात. एक थर्ड पार्टी. हा कायद्याने घ्यावाच लागतो. माझ्यामुळे दुसऱ्या कुणाला लागलं, दुसऱ्याचं काही मोडलं, तर भरपाई मिळते त्यांना. म्हणजे सगळ्या जगाचा माझ्यापासून विमा. दुसरा भाग माझ्या स्वतःच्या नुकसानीचा. तो ऐच्छिक. महेंद्रनी दोन्ही घेतले, तेव्हाच मला कळलं की हा माणूस चांगला आहे.

आणि मग सुरू झाला माझा बोनस. वर्षभरात नुकसानीचा क्लेम केला नाही की पुढच्या वर्षी या दुसऱ्या भागाच्या हप्त्यात सूट. पहिल्या वर्षी वीस टक्के. मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, शेवटी पन्नास. त्याच्या वर पायरीच नाही. अकरा वर्षांत माझा एकही क्लेम नाही. कागदोपत्री माझ्या अंगावर एक ओरखडा नाही. तानाजी दरवर्षी टपावर थाप मारून म्हणायचे, "भाऊ, गाडी आहे की आदर्श विद्यार्थिनी!" मी काचा चढवून शांत उभी राहायची. कौतुक झालं की हॉर्न वाजवायचा नसतो.

मग यंदा महेंद्रांच्या मुलीने, मेघनाने, लायसन्स काढलं.

मेघना टिटवाळ्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे. सकाळी सहाची पाळी. कल्याणच्या आरटीओत पहिल्या वेळी नापास, दुसऱ्या वेळी पास. मी मनातल्या मनात तयारच होते: आता ती मला चालवणार. तोच एका संध्याकाळी महेंद्रनी माझ्या डॅशबोर्डचा कप्पा उघडला आणि माझ्या पॉलिसीच्या उरावर एक चकचकीत माहितीपुस्तिका ठेवली. तिच्यावर एका लाल गाडीचा फोटो. सहा एअरबॅग. मागे कॅमेरा. कल्याणच्या शोरूमला उभी. वय वर्षे शून्य.

माझ्याच कप्प्यात, मित्रांनो.

दुसऱ्या दिवशी तानाजी आले. बोलणी पार्किंगमध्येच झाली, माझ्या बॉनेटवर कोपर टेकवून.

"नवी घेऊ मेघनासाठी," महेंद्र म्हणाले. "नवशिकी आहे. पण नवशिकी म्हणून विमा महाग पडेल का?"

"आपल्याकडे हप्ता गाडी बघून ठरतो भाऊ, पोरगी बघून नाही. पण नवीन हात आहे, दोन्ही भाग घ्या. पहिल्या वर्षात कुठेतरी घासणारच."

"थँक्यू हं तानाजीकाका," मेघना म्हणाली.

"तुझं नाही म्हणत गं, जनरल सांगतोय. आणि भाऊ, ही जुनी कुणाच्या नावावर करून टाकलीत की कंपनीकडून बोनसचं पत्र घ्या. तुमचा पन्नास टक्के बोनस नवीला लावू."

"तो हिचा आहे ना पण?" महेंद्रनी माझ्याकडे बोट केलं.

"बोनस माणसाचा असतो, गाडीचा नसतो. फक्त तोवर क्लेम करू नका. एक क्लेम केलात की बोनस शून्य."

माझं इंजिन बंद होतं, तरी आतून गरम झालं. अकरा वर्षं नीट वागायचं मी आणि बक्षीस कुणाला? तर जिने अजून शोरूमबाहेरचा खड्डा पाहिला नाही तिला! त्या रात्रभर ती कप्प्यात माझ्या पॉलिसीवर पाय पसरून पडली होती आणि मला तानाजींचं शेवटचं वाक्य आठवत होतं. एक क्लेम. बोनस शून्य. मला नाही तर तिलाही नाही.

माझी पॉलिसी तीस तारखेला संपत होती. हातात अठरा दिवस होते. मी ठरवलं, कुणाकडून तरी चांगलं ठोकून घ्यायचं.

उभ्या गाडीला या बाबतीत फार काही करता येत नाही, हे तेव्हा लक्षात आलं. मी नारळाच्या झाडाकडे आशेने बघितलं. एक नारळ पडला, तो बाजूच्या स्कूटरवर. स्कूटरचं नशीब. पाण्याचा टँकर मागे येताना मी काच न लववता त्याच्याकडे बघत राहिले, तर ड्रायव्हरने एका हातात चहा धरून तो असा सफाईने वळवला की मला रडू आलं. पोरांनी क्रिकेट खेळताना थेट माझ्या दिशेने षटकार मारला. एकाने जिवावर उदार होऊन झेल घेतला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या.

सव्वीस तारखेला मात्र मेघनाने एकटीने चावी घेतली. नवी येईपर्यंत हात बसू दे, म्हणून. मागे घेताना तिने डाव्या आरशात बघितलं, उजव्या आरशात बघितलं, आणि खांब मधोमध होता.

धप्प!

डावं मागचं दार आत गेलं. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, माझी दिवाळी झाली.

वरच्या खिडकीतून तिची आई दीप्ती डोकावली. "लागली का गं?"

"नाही!"

"मग आवाज कसला आला?"

"खांबाचा!"

एवढं म्हणून मेघनाने इंजिन बंद केलं. पट्टा सोडला, पण उतरली नाही. अकरा वर्षांपूर्वी पाय सीटवर घेऊन वेफर खाणारी हीच पोरगी. चुरा अजून माझ्या सीटच्या फटीत आहे. महेंद्र खाली आले तेव्हा तिने चावी त्यांच्या हातात ठेवली.

"मला नको गाडी पप्पा. नवी पण नको. मला नाही जमणार. मी आपली जाईन रिक्षा बदलत."

माझी दिवाळी तिथेच विझली. मला बोनस घालवायचा होता. पोरगी घालवायची नव्हती.

महेंद्रनी चावी टपावर ठेवली. खिशातून खडू काढला. दाराच्या पोचेभोवती पिवळा गोल केला, तारीख घातली, लिहिलं 'मेघना'. मग ते माझ्या पुढच्या बंपरपाशी बसले आणि तिथे दुसरा गोल केला.

"हे काय?"

"हा दोन हजार सोळाचा. मुरबाड रोडला रिक्षा वाचवायला गेलो. मी." मग दिवा. "हा कंपनीच्या गेटचा. मी." मग उजवं दार. "हा इथलाच. हाच खांब. मी."

आता, मित्रांनो, हे मी तुम्हाला आधी सांगितलं नव्हतं. बोनसवाल्या गाडीने सगळंच सांगायचं नसतं. अकरा वर्षांत मला तेरा वेळा लागलं. प्रत्येक वेळी महेंद्रनी खिशातून पैसे भरून पत्रा ठोकून, वर लांबी म्हणजे पुट्टी भरून घेतलं आणि क्लेम केला नाही. आदर्श विद्यार्थिनीच्या पेपरात तेरा चुका होत्या, फक्त त्या तपासायला दिल्याच नव्हत्या.

सगळे गोल करून झाले तेव्हा मेघनाने बोटाने मोजलं. "चौदापैकी तेरा तुमचे? आणि मला क्लचवरून ओरडत होता?"

"दर पौर्णिमेला विहारात शील घेतो मी. खोटं नाही बोलणार. तेरा माझे."

ती हसायला लागली. डोळे पुसत पुसत हसली. मग माझ्या टपावर हात ठेवून म्हणाली, "मला हीच द्या पप्पा. नवीला मी रोज घाबरेन. हिला काय घाबरायचं? हिला सगळं माहितीये."

महेंद्रनी कप्प्यातली पुस्तिका काढली, सहा एअरबॅगांकडे बराच वेळ बघितलं, आणि पुन्हा ठेवली. "बरं. पण आधी महिनाभर मी बाजूला बसणार."

तानाजींना फोन गेला. ते म्हणाले, जरूर द्या, पण गाडी तिच्या नावावर करा. मालक स्वतः चालवताना अपघात झाला तर पंधरा लाखांचं संरक्षण असतं, ते मालकाला असतं, त्याची गाडी चालवणाऱ्या पोरीला नाही. "फक्त एक आहे भाऊ. नाव बदललं की बोनस तुमच्यापाशी राहणार. पोरीला शून्यापासून सुरुवात."

महेंद्रनी माझ्याकडे बघितलं. गेल्या दोन आठवड्यांत पहिल्यांदा मला बोनस नको होता.

आता माझा विमा मेघनाच्या नावावर आहे, दोन्ही भाग, तीस तारखेच्या आत. तिचा बोनस शून्य, माझाही शून्य. आम्ही दोघी नवशिक्या. माझे पन्नास टक्के एका लिफाफ्यात, महेंद्रांच्या कपाटात आहेत. ते पत्र तीन वर्षं चालतं म्हणे. मला त्या लिफाफ्याचाही हेवा वाटतो. त्याला कपाट मिळालं.

मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल, लायसन्स काढाल. विम्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. जगाचा विमा घ्याच, पण ज्या गाडीत बसता तिलाही जगात धरा. आणि घरात कुणी नवशिकं असेल, तर त्याची पोच दाखवण्याआधी आपापल्या दाखवा.

माझं दार अजून तसंच आहे. मेघना मला घेऊन पहिल्यांदा पाळीला निघाली त्या दिवशी महेंद्रनी चौदाव्या गोलाशेजारी खडूने 'ओके' लिहिलं. गाडी धुताना मेघना तेवढी जागा सोडते.

ती लाल पुस्तिका अजून कप्प्यात आहे. मेघना तिच्यावर टिटवाळ्याच्या चिखलातली ओली घडीची छत्री ठेवते. टोक बरोबर त्या लाल गाडीच्या दिव्यावर टेकतं.