लाडवाचा दुसरा आकडा

देवगाव रंगारीच्या भागूबाईंच्या डिंकाच्या लाडवांवर हर्सूलच्या तालमीतले चाळीस पैलवान पोसले, हे उभ्या तालुक्याला ठाऊक. पण यंदा शहरातला अभय नावाचा पोरगा चकचकीत कागदातली वडी घेऊन तालमीत शिरला आणि वस्ताद काकासाहेबांच्या कानात एक आकडा सोडून गेला. शंभर ग्रॅमला चारशे दहा कॅलरी! झालं, वस्तादांचं डोकं फिरलं.

"भागूबाई, तुमच्या लाडवात किती?"

"किती म्हणजे? पोटभर!"

वस्ताद हसले नाहीत. लाडू प्रयोगशाळेत तपासायचा, आणि एक नाही, दोन वेगळे लाडू. एखाद्यात चुकून तूप जास्त पडलं असलं तर? दोन्ही आकडे चारशे दहाच्या वर आले तर वर्षाची ऑर्डर भागूबाईंची, नाहीतर मंगळवारपासून वडी सुरू. गावातल्या सहा बायांचे हात या ऑर्डरीवर चालत होते. तरी भागूबाई पदर खोचून म्हणाल्या, "तपासा की! मी काय भिते व्हय?"

सोमवारी दोघं चिकलठाण्याच्या प्रयोगशाळेत हजर. भागूबाईंच्या मांडीवर नऊ लाडवांचा डबा. तिथं तपासणीला अपेक्षा नावाची पंचविशीची चष्मेवाली पोर. तिनं एक लाडू घेतला, खलात कुटला आणि त्यातला फक्त एक ग्रॅम तोलून काढला.

"एवढासाच?" भागूबाई उखडल्या. "अगं पोरी, आख्खा घे की! मी कधी हात आखडला व्हय?"

"पुरे, मावशी. हे पोलादी भांडं बघा. यात ऑक्सिजन भरून लाडू जाळायचा. भांडं बसवलंय दोन लिटर पाण्यात. लाडू जळला की पाणी तापतं. किती तापलं, त्यावरून लाडवातली उष्णता कळते."

"लाडू जाळायचा?" भागूबाईंनी कपाळाला हात लावला. मग डबा वस्तादांकडं सरकवला. "धरा जरा. मला बघू द्या, ही बया काय करती ते."

पाणी स्थिर व्हायला बराच वेळ गेला. यंत्राच्या पडद्यावर आकडा पंचवीस अंशांवर टेकला तशी अपेक्षानं कळ दाबली. भागूबाईंचं नाक पडद्याला टेकलं. आधी काहीच होईना. मग आकडा हळूच हलला.

"चढ रं माझ्या राजा! चढ!"

पंचवीस पूर्णांक पाच. सव्वीस. सत्तावीस. सत्तावीसच्या जरासा पुढं जाऊन गडी जो थांबला, तो थांबलाच. भागूबाई मटकन खुर्चीत बसल्या.

"दोनच अंश? अगं, आमच्या नातवाला याच्याहून जास्त ताप येतो! मेले मी!"

अपेक्षाला हसू आवरेना. चष्मा पार नाकाच्या शेंड्यावर आला. "मावशी, एका चिमटीनं दोन लिटर पाणी दोन अंशांहून जास्त तापवलं! थांबा, हिशेब करते. शंभर ग्रॅमला पाचशे तीस!"

"पाचशे?"

"तीस!"

भागूबाईंनी तिचे दोन्ही हात धरले आणि तिथंच, काचेच्या नळ्यांच्या मधोमध, फुगडी घातली. पोरगी "मावशी, बाटल्या, बाटल्या!" म्हणून ओरडतेय आणि स्वतःच गरगर फिरतेय. दोघींना घेरी आली तेव्हा कुठं थांबल्या.

"आता दुसरा लाडू द्या," अपेक्षा धापा टाकत म्हणाली.

भागूबाई वळल्या. डबा रिकामा. वस्तादांच्या मिशांना खारकेची पूड लागलेली आणि हातात उरलेला अर्धा लाडू.

"वस्ताद! आठ होते की हो!"

"जरा चव बघत होतो," वस्ताद ओशाळून म्हणाले. "साडेसातच खाल्ले."

दुसरा आकडा नाही तर ऑर्डर नाही, आणि मंगळवार तर उद्यावर आलेला. भागूबाईंनी हात पुढं केला. "तो अर्धा द्या इकडं. एक ग्रॅम तर लागतो."

वस्तादांनी लाडवाकडं पाहिलं, मग त्या पोलादी भांड्याकडं. "म्हणजे ह्याला जाळणार?"

"व्हय. तुम्हीच म्हणालात ना, दोन पाहिजेत?"

"असला जिन्नस जाळायचा? नाय देणार!"

"अहो, मग दुसरा आकडा?"

"खड्ड्यात गेला आकडा!" वस्तादांनी तो अर्धा लाडू तोंडात टाकला आणि भरल्या तोंडानंच अभयला फोन लावला. "हॅलो, तुझ्या वड्या उद्या आणू नको. नाय, एकपण नको."

मग बोटं चाटत भागूबाईंकडं वळले. "ऑर्डर पक्की. फक्त आठवड्याला एक डबा जादा करा. पण पोरांना सांगू नका, तो माझा."