गादीवर गादी

सिस्टरबाईंनी चादर उचलली आणि कपाळाला हात लावला. हवेच्या गादीवर पुन्हा कापसाची गादी! कालच त्यांनी ती स्वतःच्या हातानं गुंडाळून कोपऱ्यात ठेवली होती. सांगून सांगून जीभ झिजली, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

शुश्रूषागृहाच्या या खोलीतले आजोबा जन्मभर गाद्या भरत आलेले. आता अर्धं अंग लुळं, कूस बदलायची तरी दुसऱ्याच्या हातानं. म्हणून त्यांच्याखाली पंपाची गादी घातली होती. तिचे कप्पे आळीपाळीनं फुगतात, बसतात, एकाच जागी भार राहत नाही. पण वर चार बोटं कापूस पसरला, की पंप आपला घरघरत बसतो आणि भार आहे तिथंच. परवापासून माकडहाडावर लाल चट्टा दिसत होता. कातडी फुटली, तर या वयात ती जखम भरता भरत नाही.

मुलगा पलंगाशीच उभा होता. चाळिशी उलटलेला, बापाच्या मागं दुकान तोच बघायचा.

"अहो, किती वेळा सांगू? हिच्यावर एक सैलशी चादर, बस्स! गोधडी नको, प्लास्टिक नको, कापूस तर नकोच नको!"

"हवेवर कुणी झोपतं का, सिस्टर? बाबांना कापसाची सवय. ही मी स्वतः भरून शिवलीय त्यांच्यासाठी. विचारा त्यांनाच."

"मला बरं वाटतं," आजोबा छताकडे बघत म्हणाले. रोजचं ठरलेलं उत्तर. बाप तसा बेटा! दोघांनाही त्याच गादीत गुंडाळून बाहेर ठेवावं, असं सिस्टरबाईंना वाटलं.

"या इकडे. बाबांना कुशीवर धरा."

मुलानं धरलं. सिस्टरबाईंनी चट्ट्यावर बोट दाबून उचललं. "चांगली कातडी दाबली की क्षणभर फिकी पडते. ही बघा, लालच्या लाल. आतून बिघडायला लागलंय."

"आई गं!" आजोबांच्या तोंडून निसटलं.

मुलाचा चेहरा पडला. "बाबा, दुखत होतं? मग बोलला का नाहीत?"

आजोबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. तसेच बोलले.

"जन्मभर तुझे टाके उसवत आलो रे. ही एक तरी गोड मानून घ्यावी म्हटलं."

मुलानं बापाचा खांदा सोडला नाही.

"सिस्टर," तो म्हणाला, "तुम्हीच ओढून काढा ती."