ओकतबिपची धावपट्टी उघडी आहे

दरड कोसळली आणि आमच्या धावपट्टीचं खालचं साठ पावलांचं टोक नदीत गेलं. पंधरा दिवस एकही विमान ओकतबिपला उतरलं नाही, म्हणून मिशनच्या ऑफिसचा कागद आकाशातून आला. पलीकडच्या खोऱ्यात निघालेल्या वैमानिकानं वर घिरटी घातली आणि लाल फडक्यात गुंडाळलेलं पाकीट टाकलं. ते पडलं माझ्या आईच्या रताळ्यांच्या वाफ्यात. आईनं आधी वैमानिकाला शिव्या घातल्या, मग पाकीट माझ्या हातात दिलं.

मी तेव्हा मिशनच्या रेडिओवर काम करायचे. रोज सकाळी सहाला ढग किती उंचीवर आहेत, वारा कुठून आहे, पट्टी ओली की कोरडी, हे सांगायचं. उरलेला वेळ मी आमच्या गावातच राहणाऱ्या मिशनच्या वैमानिकाच्या घरी असायचे. हा वैमानिक म्हणजे हार्मेन, त्याची बायको हिस्के, नऊ वर्षांचा येल्ले आणि सहा वर्षांची नीन्के. हॉलंडची माणसं. पण पहिल्याच वर्षी हिस्के तान्ह्या येल्लेला घेऊन हिवतापानं पडली, तेव्हा माझ्या आईनं, तेमनोकनं, महिनाभर तिचं सगळं केलं आणि गावात जाहीर करून टाकलं, "ही माझी पोरगी आहे." तेव्हापासून ती माझी ताई आणि हार्मेन आमचे दाजी.

दाजींनी कागद जेवणाच्या टेबलावर वाचला. धावपट्टी आजपासून बंद. महिनाअखेरीस हार्मेननं एकट्यानं रिकामं विमान बाहेर काढावं. बायको-मुलांना हेलिकॉप्टर नेईल. घर मोकळं करावं, रेडिओ परत पाठवावा.

"आणि इथल्या माणसांना कोण नेईल?" ताईनं विचारलं.

"त्याबद्दल काही लिहिलेलं नाही."

"कसं लिहील? इथून इस्पितळ पाच दिवसांच्या चालीवर आहे, हे रूलोफच्या पायांना कुठं ठाऊक आहे!"

रूलोफ साहेब म्हणजे खाली शहरातल्या ऑफिसचे प्रमुख. दाजी चमचा खाली ठेवून शांतपणे म्हणाले, "हिस्के, आपण आपल्या मर्जीनं आलो नाही. पाठवलं म्हणून आलो. बोलावलं की जायचं. आज्ञा पाळणं हीसुद्धा सेवाच आहे."

"मला देवानं पाठवलंय अशी माझी समजूत होती. त्यानं रूलोफच्या हाताखाली नोकरी कधी धरली?"

येल्ले खुदकन हसला. दाजींनी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. दाजी वाईट नव्हते. मला तर त्यांच्याइतका सरळ माणूस दुसरा माहीत नाही. पट्टी किती उरली हे त्यांनीच पावलांनी मोजून ऑफिसला प्रामाणिकपणे कळवलं होतं. त्यांच्या त्या प्रामाणिकपणावरच हा कागद आला होता, आणि ते त्यांनाही खुपत होतं.

दुसऱ्या दिवसापासून घरात एक निराळंच युद्ध सुरू झालं. दाजी सकाळी खोक्यांत सामान भरायचे आणि दुपारी ताई ते बाहेर काढायची. भांडणतंटा नाही. दाजी पातेली कागदात गुंडाळून ठेवायचे. ताई स्वयंपाकाच्या वेळी एकेक उलगडायची, अळकुड्या शिजवायची, आणि पातेली घासून पुन्हा फळीवर लावायची. तिसऱ्या दिवशी पुस्तकांच्या खोक्यात नीन्के जाऊन बसली आणि म्हणाली, "पप्पा, आता झाकण लावा ना!" दाजींनी झाकण हातात घेतलं. मग ते त्यांनी भिंतीला टेकवून ठेवलं.

त्याच दिवशी आमचे कौन्सिलर, ओलामसेप, यांनी गाव पट्टीवर जमवलं. "वरून कागद आलाय," ते म्हणाले. "पट्टी बंद. आता कुणी आरडाओरडा करायचा नाही. मी सरकारकडे अर्ज करीन."

"मागच्या अर्जाचं काय झालं?" आईनं विचारलं.

"तो चालू आहे."

"कुठं चालू आहे? त्याला इथवर चालत यायला किती वर्षं लागतील?"

बायका हसल्या. ओलामसेप चिडले. "तेमनोक, पट्टी नदीत गेली! आता काय नदीवर विमान उतरवणार आहेस?"

"खालचं गेलं. वर डोंगर अजून आहे की," आई म्हणाली. एवढंच बोलून ती पट्टीच्या वरच्या टोकाला गेली आणि खणायच्या काठीनं गवताचा पहिला गड्डा उपटला.

आमची पट्टी उताराची. विमान चढावर उतरतं आणि उतारावर उडतं. वरच्या टोकाला डोंगर कापला, तर खाली गेलेली लांबी वर मिळू शकत होती. हे आईला कुणी शिकवलं नव्हतं. वीस वर्षं विमानं पाहून तिला कळलं होतं. पहिल्या दिवशी नऊ बायका होत्या. आम्ही खणायचो, झोळीत माती भरायचो, झोळीचा बंद कपाळावर अडकवून ती दरीत नेऊन ओतायचो. ताई फावडं घेऊन आमच्यातच होती. तिच्या तळहातांना फोड आले तेव्हा आई म्हणाली, "पोरी, नऊ वर्षं नुसती पीठ मळत बसलीस, म्हणून हे."

ते ताईला लागलं असणार. कारण ती स्वतः वैमानिक होती. दोघं विमान शिकतानाच भेटले होते, आणि ती आपल्यापेक्षा बरी उडवते हे दाजीच सांगायचे. पण ऑफिसचा नियम होता: लहान मुलांच्या आईनं डोंगरातल्या पट्ट्यांवर उडायचं नाही. मुलांच्या बापाबद्दल नियम नव्हता. म्हणून नऊ वर्षं ताईनं पाव भाजले, मुलांना शिकवलं, लोकांच्या जखमा शिवल्या, पिंपातून विमानात इंधन भरलं. सुट्टीत मायदेशी गेली की मात्र उडण्याचे तास पुरे करून परवाना जिवंत ठेवायची. "कशाला गं?" असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "परवाना मेला तर रूलोफला बरं वाटेल, म्हणून."

चौथ्या दिवशी पुरुष आले. चूल पेटत नव्हती, काय करतील! पाचव्या दिवशी ओलामसेपही फावडं खांद्यावर टाकून आले आणि जणू कल्पना त्यांचीच होती अशा थाटात हुकूम सोडू लागले.

दाजी रोज कुंपणापाशी उभे राहून बघायचे. सहाव्या दिवशी त्यांना राहवलं नाही. "अरे, असं नाही!" ते तिथूनच ओरडले. "पाण्याला वाट कुठाय? पहिल्या पावसात हे सगळं वाहून जाईल!" मग ते खुंट्या आणि दोरी घेऊन वर चढले, उतार मोजला, चर आखून दिला. ताईनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. फक्त म्हणाली, "सामान भरून झालं वाटतं?"

"गप गं," दाजी म्हणाले, आणि त्यांनी पहार उचलली.

अकराव्या दिवशी दुपारी, काम संपत आलं असताना, वरून एक धोंडा सुटला. खाली चरात दाजी वाकलेले होते. लोक ओरडले, ते बाजूला झाले, पण उजवा पाय राहिला. धोंडा ढकलून काढला तेव्हा गुडघ्याखालचं हाड बाहेर आलं होतं. ताईनं मांडीला पट्टा आवळला, फळ्या बांधल्या, घरात होतं तेवढं वेदनेचं औषध दिलं. तिनं पायाचा अंगठा चिमटीत धरून बघितला. तो पांढरा पडत होता.

"डमारिस," ती मला म्हणाली, "ऑफिस लाव."

मी रेडिओ लावला. रूलोफ साहेब स्वतः बोलायला आले. हेलिकॉप्टर किनाऱ्यावर दुरुस्तीला गेलंय, परवापर्यंत येणार नाही. माणसांनी उचलून आणा.

"पाच दिवसांची वाट आहे," ताई म्हणाली. "पाय जाईल. कदाचित जीवही. मी विमान काढतेय."

"हिस्के, पट्टी बंद आहे. आणि तू आमच्या वैमानिकांच्या यादीत नाहीस."

"मग तुमच्या यादीबाहेरची एक बाई येतेय असं समजा." तिनं माइक माझ्या हातात दिला आणि ती निघून गेली.

रूलोफ साहेबांचा आवाज चढला. "डमारिस, तिला थांबव! मी परवानगी देत नाही!"

मी आयुष्यात त्या माणसाला उलट शब्द बोलले नव्हते. मी म्हणाले, "साहेब, परवानगी कुणी मागितलेली नाही. मी हवामान सांगतेय. ओकतबिप. ढग उंच. वारा शांत. पट्टी कोरडी. पट्टी उघडी."

"पट्टी बंद आहे!"

"पट्टी माझ्या खिडकीसमोर आहे साहेब. मला दिसतेय. उघडी आहे."

खाली ताईनं विमानातल्या मागच्या खुर्च्या काढून टाकल्या, शहरापर्यंत पुरून थोडंसं उरेल एवढंच इंधन ठेवलं. ओलामसेपांनी आणि आणखी तिघांनी दाजींना चटईसकट आत ठेवलं. मुलांना नेता येणार नव्हतं. वजन. येल्ले ओठ आवळून उभा होता, पण नीन्केनं ताईच्या पँटला मिठी घातली.

"मी पण येणार!"

ताई खाली बसली. "आज नाही. तू आजीकडे राहायचं. मी आल्याशिवाय ओकतबिप सोडायचं नाही. कबूल?"

नीन्केनं नाक पुसलं. "कबूल."

मी धावत खाली विमानाच्या खिडकीजवळ गेले तेव्हा दाजी आडवे पडल्या पडल्या बोलत होते. चेहरा राखेसारखा झाला होता तरी सूचना चालूच. "ब्रेक शेवटी सोड. टोकाला गेलीस की नाक खाली घाल, घाबरून ओढू नकोस..."

"हार्मेन, आज तू सामान आहेस," ताई म्हणाली. "सामान बोलत नाही. प्रार्थना कर."

दाजींनी डोळे मिटले. दर उड्डाणाआधी ते मोठ्यानं प्रार्थना करायचे. त्या दिवशी नुसते ओठ हलले. ताईनं विमान आम्ही कापलेल्या अगदी नव्या मातीवर नेऊन, शेपूट डोंगराला टेकेल इतकं मागे घेऊन वळवलं. इंजिन किंचाळलं. मग ते सुटलं.

मी रेडिओपाशी परत येऊन माइक धरून बघत होते. निम्मी पट्टी संपली, चाकं जमिनीवरच. तुटलेली कड आली. विमान कडेवरून खाली गेलं आणि दिसेनासं झालं. पाचशे माणसं कडेकडे बघत उभी होती. मग दरीतून आवाज वर आला, आणि पाठोपाठ विमान आलं. नदीच्या बाजूनं लांब वळण घेत वर चढत होतं. आई मटकन खाली बसली. "बघितलंत?" ती रडत म्हणाली. "माझी पोरगी आहे ती!"

पाय वाचला. तो पुढे कायम थोडा आखूड राहिला. दाजी तीन महिने इस्पितळात होते. शहरात पोचल्याच्या चौथ्या दिवशी ऑफिसनं विमान ठेवून घेतलं आणि ताईला बोलावून सांगितलं: तू आज्ञा मोडलीस, आता सगळे मायदेशी परत जा. ताई म्हणाली, "मोडली. लिहून द्या, काय मोडलं ते. नवऱ्याचा पाय वाचवला म्हणून काढलं, असं लिहा. मी ते चर्चमध्ये वाचून दाखवीन." लिहून द्यायला कुणी पुढे आलं नाही.

मग ऑफिसनं मुलांना आणायला हेलिकॉप्टर धाडलं. वैमानिक चांगला पोरगेला माणूस होता. नीन्के आमच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. अंगावर आमच्या बायका नेसतात तसा गवती घागरा, तोंड रताळ्यानं बरबटलेलं.

"चल, आई वाट बघतेय," तो म्हणाला.

"आईनं सांगितलंय, ती आल्याशिवाय जायचं नाही. आईलाच पाठवा."

"अगं, पण मला हुकूम आहे."

"मलाही आहे," नीन्के म्हणाली. येल्ले तिच्या मागे येऊन उभा राहिला. त्यांच्या मागे आई, मी आणि आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका. तो बिचारा डोकं खाजवत बसला, दोन रताळी खाल्ली. जाताना आईनं त्याच्या हेलिकॉप्टरमध्ये दाजींसाठी अळकुड्यांची झोळी ठेवली.

रेडिओ मी परत पाठवला नाही. रोज सकाळी सहाला मी हवामान सांगत राहिले, आणि शेवटी "पट्टी उघडी" म्हणत राहिले. ऑफिसातून कुणी उत्तर देईना. पण इतर खोऱ्यांतले वैमानिक ऐकत होते. एखादा मधूनच विचारायचा, "डमारिस, आज कशी आहे?" मी म्हणायचे, "कालच्यासारखीच. उघडी." ते हसायचे. बोलता बोलता ही गोष्ट सरकारी खात्यापर्यंत पोचली आणि एक मोजणी अधिकारी फीत घेऊन आला. त्यानं दोनदा मोजलं, कारण पहिल्यांदा त्याचा विश्वास बसला नाही. पट्टी पहिल्यापेक्षा बारा पावलं लांब होती. त्यानं कागदावर सही केली.

आता ऑफिसला प्रश्न पडला. पट्टी उघडी, विमान तयार, पण ओकतबिपला यायला कुणी वैमानिक राजी होईना, आणि दाजींच्या पायाला अजून कळ निघायची. रूलोफ साहेबांनी ताईला पुन्हा बोलावलं आणि म्हणे खिडकीबाहेर बघत सांगितलं, दुसरा वैमानिक मिळेपर्यंत, सहा महिने, तात्पुरतं.

ताई आली तो दिवस लख्ख उन्हाचा होता. दाजी शेजारच्या खुर्चीत काठी घेऊन बसले होते. चाकं थांबायच्या आत पोरं पट्टीवर धावली आणि आईनं त्यांना मागे ओढताना दोन्ही पोरांना एकेक धपाटा घातला. ताई उतरली, नीन्केला उचललं आणि मला म्हणाली, "सामान कुठाय गं आमचं?"

"फळीवर," मी म्हणाले.

ते सहा महिने अकरा वर्षं चालले. दुसरा वैमानिक आला नाही. 'कायम' असा कागदही ऑफिसनं कधी धाडला नाही, आणि ताईनं तो मागितला नाही.