अकराचा चहा आणि रूपा हत्तीण

लिंबायतच्या सांचाखात्यात बारा वर्षं काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कापडाचे अठ्ठेचाळीस माग तिथं एकदम धडधडतात. तिथं बोलायचं तर बोंबलायचं, नाहीतर हातांनी बोलायचं. अंगठा ओठांकडे नेला की चहा. तळहात जमिनीकडे दाबला की तार तुटली, माग बंद कर. बाकी जगाची भाषा मला फालतू वाटायची.

शहाण्णव साली डॉक्टर म्हणाले, अजून वर्षभर तिथं राहिलात तर कान जातील. तेवढ्यात बातमी आली की शहराबाहेरच्या प्राण्यांच्या बागेत हत्ती सांभाळायचं आठ दिवसांचं शिक्षण आहे, शेवटी परीक्षा, आणि एकाला कायमची नोकरी. मी नाव घातलं. बायको गायत्री एवढंच म्हणाली की निदान हत्तीशी तरी हळू बोला. आमच्या घरातलं सगळं आमच्याआधी शेजारच्या सरलाबाईंना कळतं, ही तिची जुनी तक्रार.

आम्ही पाच जण होतो. त्यात माझ्याच खात्यातला सुकलाल, पण तो फक्त सोबतीला आलेला. हत्तिणीच्या वीस पावलांत तो शेवटपर्यंत गेला नाही. शिकवणारे सखाराम उस्ताद जन्मभर हत्तींत वावरलेले, आवाज लोण्यासारखा मऊ. हत्तिणीचं नाव रूपा. उस्तादांनी हळूच ‘बैठ’ म्हटलं की ती डोंगर खचावा तशी खाली बसे.

माझी पाळी आली. मी ‘बैठ’ म्हणालो. रूपा बसली नाही, पण माझ्यामागचे तिघं विद्यार्थी खाली बसले. सुकलाल तर कुंपणापलीकडे बसला. रूपाने कान पाठीला लावले आणि माझ्याकडे पाठ फिरवली. उस्तादांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की उद्यापासून तोंड उघडलंस तर घरी जायचं.

मला भयंकर राग आला, पण कान माझे होते आणि गरज माझी होती. मी गप्प बसून लीद उचलू लागलो. पहिल्या दिवशी मोजून पाहिलं, मग मोजणं सोडून दिलं. बोलायचं ते सगळं सुकलालशी, लांबून, हातांनी. अकरा वाजले की तो कुंपणाजवळून अंगठा ओठांकडे नेई, मीही तसाच अंगठा नेऊन होकार देई. मग रूपाला घेऊन मी फाटकावरच्या टपरीशी जाई. चहा माझा, खारी रूपाची. सहावी खारी झाली की मी टपरीवाल्याला तळहात दाबून दाखवी, बस. रूपा सोंड आवरून जागच्या जागी उभी राही. मला वाटे, बिचारी किती समजूतदार.

परीक्षेच्या दिवशी मोठे साहेब आले. त्यांना पाठीवर बसवून प्रत्येकाने रूपाला एक फेरी मारून आणायचं, थांबवायचं, बसवायचं. तिघांचं ठीक झालं. सुकलालने आपल्याला पोटात कळ आल्याचं सांगितलं. मी शेवटचा. पुटपुटत का होईना, अर्धी फेरी नीट झाली. माझा मलाच अभिमान वाटला.

आणि अकरा वाजले.

सुकलालचा अंगठा ओठांकडे गेला. माझाही गेला. त्यात विचार नव्हता, बारा वर्षांची सवय होती. रूपाने वळण घेतलं आणि साहेबांसकट थेट फाटकाकडे निघाली. उस्ताद ओरडले. जन्मात पहिल्यांदा ओरडले असतील, आवाज पार फाटला. रखवालदार काठी आपटत धावला. गोंगाटाने रूपा बिथरली आणि धावू लागली. पुढं रस्ता, रस्त्यावर रिक्षा, वर साहेब दोन्ही हातांनी दोरी धरून रामनाम घेत होते. मी घाबरलो. नोकरी गेली म्हणून नाही. या जनावराला काही झालं तर मी तोंड कुणाला दाखवणार होतो?

मी आडवाटेने पळत तिच्यापुढं गेलो. ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. तळहात जमिनीकडे दाबला.

रूपा थांबली. टपरीपासून दोन पावलांवर. मी हळू, अगदी हळू ‘बैठ’ म्हणालो. मलासुद्धा ते ऐकू आलं नाही. ती बसली.

साहेब उतरले, कपडे झटकले, टपरीवाल्याच्या हातातला ग्लास घेऊन एका दमात चहा संपवला. मग उस्तादांना म्हणाले, “हिला कुणाचं ऐकायचं ते हिनं ठरवलं आहे. आपण कोण नाही म्हणणारे?” नोकरी मला मिळाली. अट एकच, बागेत कुणी हाताने चहा मागायचा नाही.

घरी गेलो. गायत्री दारातच उभी होती. तिला सगळं सांगितलं, रूपाला सांगावं तशा आवाजात. ती घाबरली. माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, “काय व्हयनं? बरं नही शे का तुमले?”

मी मान हलवली आणि पुन्हा हळूच सांगितलं, नोकरी लागली. ती रडायलाच लागली, मग हसली, मग मीही.

तेवढ्यात दारात सरलाबाई आल्या, पदराला हात पुसत, कानाला आमच्या भिंतीचा चुना लागलेला, चांगल्याच वैतागलेल्या. “भाऊ, नोकरी लागनी का नही? मी कवळनी भितले कान लाई बठेल शे, आज काहीच ऐकू उनं नही.”