दांडी जागी होताना

बरणीचं झाकण. गेले चार महिने मावशी ते दुसऱ्याकडून उघडून घेत होती.

केसाहून जेमतेम जाड स्प्रिंग. जमिनीवर पडली की डोळ्यांना सापडत नाही, लोहचुंबक फिरवावं लागतं.

एकवीसपैकी सोळा कागदांवर, सोळा वेगळ्या अक्षरांत, एकच तक्रार: आपोआप उजवीकडे जाते.

मावशीच्या डाव्या अंगठ्यावर, नखाच्या खाली, भाजल्याचा जुना डाग.

माय मरो, मावशी जगो. भाचीची माय खरंच गेली, ती नऊ वर्षांची असताना. मावशी जगली.

आता हे सगळं एका टेबलावर कसं आलं, ते ऐका. ही भाची जिथे नोकरीला होती तिथे व्हिडिओ गेमचे कंट्रोलर बनत. नव्या कंट्रोलरवर डाव्या अंगठ्याखाली काय ठेवायचं, यावरून दोन तट पडले होते. एकीकडे ती आणि तिने सहा वर्षं घासूनपुसून बनवलेली जॉयस्टिक. तिला सगळे दांडी म्हणत. दुसरीकडे टचपॅड, म्हणजे पाटी, आणि ती बनवणारा पाटीवाला.

"ताई, तुझ्या दांडीत अकरा भाग," पाटीवाला म्हणायचा. "माझ्या पाटीत एक. जे नाहीच, ते मोडणार काय?"

"जे नाहीच, ते अंगठ्याला लागणार तरी काय? तुझ्या पाटीवर खेळणारा सारखा खाली बघतो. परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोरासारखा."

"आणि तुझी दांडी?"

"सोडली की घरी येते. अंगठ्याला घर माहीत असतं."

दांडी घरी आणायची ती स्प्रिंग, आणि ती स्प्रिंग बसवायची मावशी. तीस वर्षं तोच बाक, तोच चिमटा, तेच भिंग. भाचीला नोकरीला चिकटवली तीही तिनेच. पहिल्याच दिवशी एक नियम शिकवला. कंट्रोलर चालू होताना दांडी जिथे असेल, तीच जागा तो मधली जागा म्हणून धरतो, आणि बंद होईपर्यंत सोडत नाही. म्हणून बटण दाबलं की दांडीला कोणी हात लावायचा नाही.

"हात वर," मावशी म्हणायची, आणि अख्खी खोली, साहेबासकट, दरोडा पडल्यासारखी दोन्ही हात वर करून उभी राहायची. "पोर जागं होतंय. जागं होताना जसं धराल, तसंच जग आहे असं त्याला वाटतं."

नवा माणूस हसायचा. आठवड्याभरात त्याचेही हात आपसूक वर जायचे.

चाचणीच्या दिवशी एकवीस खेळाडू आले. दोन्ही कंट्रोलर सकाळीच चालू करून ठेवले, ते संध्याकाळपर्यंत तसेच. खेळ सुरू झाल्यावर बनवणाऱ्यांना आत जायची बंदी. संध्याकाळी निकाल लागला: पाटी सतरा, दांडी चार. दांडीवर खेळताना पडद्यावरचा माणूस न सांगता उजवीकडे चालत सुटायचा आणि खड्ड्यात पडायचा. हरकत घ्यायची असेल तर मुदत तीन दिवस.

तिला आधी वाटलं, स्प्रिंग बसली नसावी. मग वाटलं, दांडी ज्यात बसते ती वाटी तिरपी कापली गेली असेल. दोन दिवस ती एकामागून एक दांडी उकलत बसली. सगळ्या ठणठणीत. म्हणजे चूक आपल्या आराखड्यातच, आपल्याच डोक्यात, असं तिने मनाशी धरलं. जेवण जाईना. मावशी शेजारी स्टुलावर बसून लागेल तो चिमटा हातात देत होती.

"होतं गं असं," मावशी म्हणाली. "एखादी वस्तू नाही धरत. दुसरी करशील."

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने चाचणीचा व्हिडिओ मागवून घेतला. छतावरच्या कॅमेऱ्यातून फक्त टेबल आणि हात दिसतात, खेळाडू कंट्रोलर कसा पकडतात ते बघायला. तिने अगदी सुरुवातीपासून लावला.

रिकामं टेबल. दोन कंट्रोलर. बाहीवर मशीनच्या तेलाचा डाग असलेले दोन हात येतात. पाटी चालू करतात. मग दांडीचा कंट्रोलर उचलतात. डावा अंगठा दांडीवर येतो. तिला भाताच्या दाण्याएवढं डावीकडे सरकवून धरून ठेवतो. उजवा हात बटण दाबतो. दिवा लागतो. अंगठा उठतो. नखाच्या खाली भाजल्याचा डाग.

दांडी परत मधे आली. पण कंट्रोलरने डावीकडची जागा मधली म्हणून धरली होती. आता खरी मधली जागा त्याच्या हिशेबी उजवीकडे.

तिने ते चारदा पाहिलं. पाचव्यांदा तिच्या तोंडून निघून गेलं, "मावशी, हात वर."

जेवणाच्या सुट्टीत कारखाना रिकामा होता. मावशी बाकावरच होती.

"चुकून झालं, असं म्हण," भाची म्हणाली. "मी मानेन."

मावशीने भिंग उतरवलं. काय झालं, ते विचारलं नाही. "चुकून नाही झालं."

"पाटीवाल्याने सांगितलं तुला?"

"त्याच्या बापाची टाप नाही मला काही सांगायची."

"मग?"

मावशीने डावा अंगठा तिच्या मुठीत दिला. "दाब. बुडाशी."

आत काहीतरी करकरलं. मावशीचा चेहरा पांढरा पडला, पण तिने हात काढून घेतला नाही.

"सांधा झिजलाय. तुझी दांडी पास झाली असती तर वर्षाला बारा हजार स्प्रिंगा. मला दिवसाला वीस होत नाहीत."

"सांगायचंस ना. दुसऱ्या कोणाला तरी बसवलं असतं."

"बघ," मावशी म्हणाली. "हेच. हे तुझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं. पाटीत स्प्रिंगच नाही. मला जमत नाही, हे मग कोणाला सांगावंच लागलं नसतं."

"दोन दिवस मी स्वतःला शिव्या देत होते. तू चिमटा देत होतीस."

"हो."

"होतं गं असं, म्हणालीस."

"म्हणाले."

भाची आणखी एखादा शब्द येईल म्हणून थांबली. मावशीने भिंग परत डोळ्याला लावलं, आणि चिमट्यातली स्प्रिंग पहिल्या खेपेला बसली नाही, दुसऱ्याही नाही. भाची तिसऱ्या खेपेपर्यंत उभी राहिली नाही.

हरकतीचा अर्ज एका पानाचा.

हरकत कशाला: निकालाला.
कारण: चालू करताना दांडीवर अंगठा होता.
पुरावा: व्हिडिओ, पहिलं मिनिट.
कोणाकडून झालं: मावशीचं पूर्ण नाव, हुद्दा, बाक क्रमांक.
मुद्दाम की अनवधानाने:

इथे ती बराच वेळ बसली. अनवधानाने असं लिहिलं असतं तर सगळं सावरलं असतं. चुकीला फेरचाचणी मिळते, बाकावरची नोकरी जात नाही. पण तिला तो सरकवलेला अंगठा दिसत होता, आणि चिमटा पुढे करणारा हात दिसत होता. तिने लिहिलं, मुद्दाम.

दहा दिवसांनी फेरचाचणी झाली. या वेळी कंट्रोलर दारावरच्या पहारेकऱ्याने चालू केले. बटण दाबल्यावर त्याने दिवा लागेपर्यंत हात अंगाशी धरले. काचेबाहेर उभ्या असलेल्या तिचे हात मात्र आपसूक वर गेले. आसपास दुसऱ्या कोणाचे गेले नाहीत. 'हात वर' म्हणणारं माणूस आता बाकावर नव्हतं.

दांडी जिंकली. पंधराला सहा.

"ताई, देवाशपथ, मी मावशींना काही बोललो नव्हतो," पाटीवाला म्हणाला.

"माहीत आहे मला."

घरी मावशी ओट्यापाशी होती. बरणीला फडकं गुंडाळून, दोन्ही तळहातांत धरून, छातीशी दाबून झाकण फिरवायला बघत होती. बरणी तिने कोणापुढे केली नाही. भाची तीन पावलांवर खुर्चीत बसली होती, आणि बसूनच राहिली.

पहिल्या चाचणीच्या आधी साहेबांनी विचारलं होतं, कंट्रोलर चालू करायला विश्वासाचं माणूस कोण, तेव्हा मावशीचं नाव तिने सुचवलं होतं.