सुई कुठे थांबवायची

त्यांना सगळे कानसेन म्हणत. हे नाव विमानांच्या मैदानावर पडलं. मैदान म्हणजे वस्तीबाहेरची मोकळी जागा. तिथे चांगली बायकामुलं असलेली, नोकरीधंद्याला लागलेली माणसं सुट्टीच्या दिवशी हातभर लांबीची विमानं उडवतात आणि ती कोसळली की एकमेकांचं सांत्वन करतात. कानसेन स्वतः उडवत नसत. एकदाच उडवलं होतं, ते थेट झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसलं, तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. त्यांचा जीव विमानात नव्हताच मुळी. तो होता विमानाच्या नाकात बसणाऱ्या इंजिनात.

मुठीत मावेल एवढं ते इंजिन. ग्लो इंजिन म्हणतात त्याला. ठिणगीबिणगी काही नाही. प्लगमध्ये एक बारीक तार असते, ती सुरुवातीला बॅटरीवर लाल करायची. एकदा इंजिन पेटलं की ते स्वतःच्या धगीवर तिला तापती ठेवतं. इंधन मिथेनॉलचं, आणि त्यात वंगणासाठी एरंडेल. सगळ्या दुखण्याचं मूळ हे एरंडेलच! इंजिन वर्षानुवर्षं माळ्यावर पडून राहिलं की आतलं तेल वाळून लाखेसारखं होतं आणि पिस्टन असा चिकटतो की पैलवानाच्यानेही हलणार नाही. मग घरची मंडळी म्हणतात, मेलं, टाका भंगारात. अहो, मेलं कसलं! कानसेन अशी इंजिनं भंगारवाल्यांकडून, मैदानावरच्या म्हाताऱ्यांकडून, कुणाकुणाच्या अडगळीतून गोळा करून आणत आणि पुन्हा बोलती करून विकत.

मागच्या पडवीत त्यांचं एक काळंकुट्ट पातेलं होतं. त्यात गाडीचं कूलंट ओतायचं, इंजिन सोडायचं आणि मंद आचेवर दिवसभर शिजत ठेवायचं. लाख हळूहळू सुटत येते. मग गरम हवेचा झोत द्यायचा आणि इंजिनाचा पंखा धरून एवढासा पुढे, एवढासा मागे. जोर लावायचा नाही. धुराच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर खुपसून पिस्टन ढकलणाऱ्या माणसांना कानसेन सरळ खुनी म्हणत. वरून घासूनपुसून इंजिन चकचकीत करणाऱ्यांना काय म्हणत, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"ते विषारी पातेलं माझ्या स्वयंपाकघरात दिसलं ना," बायकोने बजावून ठेवलं होतं, "तर त्याच्याबरोबर तुम्हीपण बाहेर."

बायको वाचनालयात नोकरीला होती. लोकांना 'शूः' करण्यात जिची हयात गेली, तिच्या नशिबी हा नवरा यावा, याला काय म्हणायचं? इंजिन लहान असलं तरी त्याचा आवाज लहान नसतो. अंगणात ते सुरू झालं की घरातली भांडी थरथरायची आणि ही खिडकीतून ओरडायची, "अहो, बंद करा ते! माणसं राहतात इथे!" कानसेन या कानाने ऐकत आणि त्या कानाने सोडून देत. संसार छान चालला होता.

तर इंजिन सोडवणं, धुणं, बेअरिंग बदलणं, हे कुणीही चिकाटीचा माणूस शिकेल. कानसेनांचं नाव झालं ते शेवटच्या कामासाठी. ते कुठलंही इंजिन गिऱ्हाइकासमोर चालवून दाखवल्याशिवाय विकत नसत. अंगणातल्या जड बाकाला इंजिन जखडायचं, सुरू करायचं आणि इंधनाची सुई कानावर जुळवायची. सुई जास्त उघडी असली तर इंजिन इंधनात गुदमरतं, घोगरं घोगरं भडभडतं. सुई आवळत नेली की आवाज मोकळा होतो, वर चढतो, एका सुरात येतो. तिथून आणखी चिमूटभर आवळली की तो आणखी गोड लागतो, आणि घात होतो तो इथेच. इंधन कमी म्हणजे त्यातलं तेलही कमी. इंजिन तापतं, आतून ओरबाडलं जातं. म्हणून गोडव्याच्या अलीकडे थांबायचं. कानसेन बरोबर तिथेच थांबत, बायकोच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका देत आणि सांगत, "आता हिला हात लावाल तर माझ्याशी गाठ आहे."

आणि मग एक इंजिन परत आलं.

परत घेऊन आले बेकरीवाले. वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक, मोठा भला माणूस, पहाटेपासून भट्टीपुढे उभा राहून सुट्टीच्या दिवशीही ताजातवाना. त्यांनी रुमालात गुंडाळलेलं इंजिन बाकावर ठेवलं आणि ओशाळून म्हणाले, "काका, उडता उडता बंद पडलं. माझंच काहीतरी चुकलं असणार."

भांडले असते तर बरं झालं असतं. कानसेन म्हणाले, "इंधन कुठलं वापरलंत? हल्ली भेसळ फार." नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! बेकरीवाले गेल्यावर त्यांनी हेड उघडलं. पिस्टनवर वरपासून खालपर्यंत ओरखडे होते. सुई त्यांच्याच लाल ठिपक्यावर होती, आणि ठिपकाच चुकीच्या जागी होता.

त्या दुपारी त्यांनी दुसरं, चांगलं इंजिन बाकावर चढवलं आणि सुई आवळत नेली. भडभड ऐकू आली. ती थांबल्याचं कळलं. पण त्याच्या वरचा तो बारीक, तारेसारखा सूर, ज्याच्या जोरावर एवढं नाव कमावलं, तो कुठे ऐकूच येईना. इंजिन चाललंय एवढंच समजत होतं. कानसेन घाबरले. दारावरची बेल आपल्याला हल्ली ऐकू येत नाही, फोन शेजारी वाजून बंद होतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण बेल काय, फोन काय, ते गेलं तरी चालतं. हे गेल्यावर उरलं काय?

बायकोच्या ते ध्यानात येणं शक्यच नव्हतं. नवरा ऐकत नाही, यात नवीन काय? ती एकदा सांगे, दोनदा सांगे आणि "पालथ्या घड्यावर पाणी" म्हणत निघून जाई.

फेरे मोजायचं यंत्र मिळतं. त्यांच्या खणातही एक पडलेलं होतं. पण इंजिन किती धावतंय तेवढंच ते यंत्र सांगतं. सुखाने धावतंय की छाती फुटेस्तोवर, ते सांगत नाही. आणि कानसेनांनी गिऱ्हाइकासमोर यंत्र काढायचं? त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं: सध्या पातेल्यात आहे ते शेवटचं. हे धड जुळलं तर बेकरीवाल्यांना द्यायचं, मान राखून दुकान मिटायचं आणि हत्यारं विकून टाकायची. नाही जुळलं, तर... त्याच्यापुढे ते विचार करत नसत.

पातेल्यातलं इंजिनही नेमकं देखणं निघालं होतं. जुन्या घडणीचं, पितळी कार्ब्युरेटरचं, अंगावर वयाचा सुंदर मळकट रंग. बेकरीवाल्यांना त्यांनी कधीच शब्द दिला होता, "रविवारी या, तुमच्यासमोर चालवतो." शनिवारी एकदा चालवून बघायला हवं होतं. कानसेनांनी तेच इंजिन तीनतीनदा पुसलं, पण चालवलं नाही.

"आज आवाज नाही?" बायकोने पडवीत डोकावून विचारलं. मग जरा मोठ्याने, "बरं नाहीये का तुम्हाला?"

"चांगला ठणठणीत आहे," कानसेन म्हणाले. "शांतता पाहिजे होती ना तुला? मग घे."

ती आत गेली.

रविवारी बेकरीवाले वेळेआधीच हजर. कानामागे पीठ तसंच. इंजिन बघून त्यांचे डोळे लहान मुलासारखे चमकले. "काका, याला तर नुसतं कपाटात ठेवून बघत बसावं!"

"कपाटात ठेवायला फुलदाणी घ्या," कानसेन म्हणाले. तोंडाचे तोरे तसेच होते.

त्यांनी प्लगला बॅटरी लावली, काठीने पंख्याला टिचकी मारली. इंजिन पेटलं आणि उलटंच फिरू लागलं. या इंजिनांना उलटंसुलटं सारखंच. सगळी हवा दोघांच्या तोंडावर आली आणि बेकरीवाल्यांच्या कानामागचं पीठ उडालं. दोघंही हसले. कानसेनांना वाटलं, ही वेळ अशीच हसण्यात गेली तर किती बरं. पण त्यांनी इंजिन थांबवलं, पुन्हा टिचकी मारली, आणि या खेपेला ते सरळ फिरलं. बॅटरी काढून घेतली. भडभड, भडभड. तेलकट धूर अंगणभर झाला.

बेकरीवाल्यांनी नेहमीप्रमाणे डोळे मिटले. कानसेनांनी सुईला बोटं लावली आणि आवळायला सुरुवात केली. भडभड कमी झाली. मग गेली. आता? आता कुठे? त्यांनी अंदाजाने थोडी आवळली. काहीच कळेना. आणखी थोडी आवळली. बेकरीवाले डोळे मिटूनच होते, त्यांच्या भुवया जराशा वर गेल्या, पण काकांच्या कामात बोलायचं कसं? कानसेनांनी आणखी थोडी...

त्यांच्या खांद्यावर ओल्या फडक्याचा सपकन फटका बसला.

बायको! स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती केव्हाची ओरडत होती आणि हे महाशय ढिम्म, म्हणून फडक्यासकट धावत आली होती. तिने त्यांचं मनगट धरलं आणि मागे फिरवलं. मग आवाजाकडे कान देऊन ती त्यांच्या तोंडापुढे बोट नाचवू लागली: अजून मागे. अजून. हं, आता पुढे. थोडं. एवढंसंच! आणि वाचनालयातल्यासारखा तळहात उभा धरला. थांबा.

कानसेन थांबले. त्यांना काही ऐकू आलं नाही, पण बाकावर टेकवलेल्या हाताला इंजिनाची थरथर एकदम मऊ लागली. बेकरीवाल्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. "वा!" त्यांच्या ओठांनी म्हटलं. टाकीतलं इंधन संपेपर्यंत इंजिन तसंच, एका सुरात चालत राहिलं.

ते थांबल्यावर कानसेन बायकोकडे वळले. "तुला गं कसं कळलं?"

"कसं म्हणजे? इतकी वर्षं स्वयंपाकघरात दात-ओठ खात त्या आवाजाची वाट बघतेय मी. तो लागला की तुम्ही बंद करता आणि घराला शांतता मिळते. झोपेत विचारलंत तरी सांगेन! तो येऊन गेला तरी तुम्ही पुढे चाललेलात. म्हटलं, आज या माणसाला झालंय काय? एवढी कोकलतेय, आणि..."

ती मध्येच थांबली. नवऱ्याकडे बघत राहिली.

"अहो," ती म्हणाली. "तुम्हाला ऐकू येत नाही?"

कानसेनांना तेही नीट ऐकू आलं नाही. पण तिच्या तोंडाकडे बघून समजलं. थाप मारता आली असती. थापांचा त्यांना तुटवडा नव्हता. पण बेकरीवाल्यांनी हातातलं इंजिन असं काही छातीशी धरलं होतं की त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"वरच्या सुरातलं काही ऐकू येत नाही," ते म्हणाले. "कधीपासून येत नाही. तुमचं मागचं इंजिन मीच बिघडवलं, बेकरीवाले. इंधन चांगलं होतं. आणि हे मी जुळवलेलं नाही. हिने जुळवलं."

मग बेकरीवाल्यांनी पिशवीत हात घालून पावाची लादी काढली आणि काकूंच्या हातात दिली. "मग काकू, मागच्याला नवा पिस्टन बसला की तेही तुम्हीच जुळवा," ते म्हणाले. "येतो पुढच्या रविवारी." आणि ते इंजिन घेऊन, घरी आणखी एक इंजिन आणल्याबद्दल आपल्या पत्नीला काय सांगायचं याचा विचार करत, घाईने निघून गेले.

बायको बाकावर येऊन बसली. "आणि मी समजत होते, नेहमीसारखे ऐकून न ऐकल्यासारखं करताय," ती म्हणाली. चांगल्या मोठ्याने म्हणाली. "किती बोलले असेन मी तुम्हाला या दिवसांत!"

"ते एक बरं झालं," कानसेन म्हणाले. "त्यातलं काही ऐकू आलं नाही."

तिला हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. त्याच फडक्याने तिने डोळे पुसले आणि त्याला नवऱ्याच्या सदऱ्यावरून लागलेलं एरंडेल चुरचुरलं, तशी आणखी रडली. उद्याच्या उद्या कानाच्या डॉक्टरांकडे जायचं, तिने हुकूम सोडला. दुपारी झोपेच्या वेळी इंजिन लावायचं नाही. आणि ते नेलपॉलिश तेवढं दुसरं आणा, गेली कित्येक वर्षं माझी बाटली संपतेय. कानसेन सगळ्याला मान डोलावत होते. निम्मं कळत होतं, निम्मं नाही, पण मन एवढं हलकं झालं होतं की तिने घर विकू म्हटलं असतं तरी त्यांनी मान डोलावली असती.

मग ती तोंड वळवून, फडक्याची घडी घालत, हळूच काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणालीस?"

"काही नाही."

एरवी कानसेन तिथेच सुटले असते. आज त्यांनी तिचा हात धरला. "नाही, सांग ना. मला खरंच ऐकू आलं नाही."

तिने इकडेतिकडे बघितलं. शेजारीण गॅलरीत कपडे वाळत घालत होती. समोरचे दोघं गाडी धूत होते. पण नवऱ्याला सांगायचं तर दुसरा मार्ग नव्हता. उभ्या जन्मात कुणाला मोठ्याने बोलू न दिलेली ती बाई, दोन्ही हात तोंडाशी धरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली:

"आवडायचा मला तो आवाज! शेवटचा! तेवढाच!"

गाडी धुणाऱ्यांनी पाणी बंद केलं. कानसेनांना या वेळी अक्षरन् अक्षर ऐकू आलं होतं. तरी ते कानामागे हात धरून म्हणाले, "काय? पुन्हा एकदा सांग?"