वीस नखांचं पिल्लू

भागवतमामांनी पिल्लाला मानेच्या कातडीला धरून उचललं आणि तसंच हवेत लोंबकळत ठेवलं.

“अहो मामा, दुखेल ना त्याला!” राजेश्री धावली.

“थांबा ओ मॅडम, पारख करायलोय.”

पिल्लू चारी पाय झाडत होतं, पण त्यानं हूं की चूं केलं नाही. मामांचा चेहरा खुलला.

“बगा, केकाटलं का? लेचंपेचं असतं तर गल्ली डोक्यावर घेतली असती.” मग त्यांनी त्याला मांडीवर उताणं घालून नखं मोजली. मागच्या दोन्ही पायांना एकेक जास्तीचं नख निघालं. “ए, वीस हायेत बग! अस्सल हाय हे.”

त्यांची बायको, कडूबाई, पायरीवर पदर सावरून बसल्या होत्या. त्यांनी नुसती मान हलवली.

राजेश्रीला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. कसलं अस्सल! आई गावठी, बाप कुणाच्या तरी बंगल्यातला लॅब्राडॉर असावा. परभणीच्या शाळेत शिकवता शिकवता ती अशी सापडलेली पिल्लं घर मिळेपर्यंत सांभाळायची. हे सापडलं तेव्हा गळ्यात कुणी बांधलेली सुतळी मांसात रुतली होती. जखम भरली, आवाज मात्र गेला तो गेलाच. कधीच भुंकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

दीड महिन्यात सात जण येऊन गेले. निम्म्यांना प्युअर पाहिजे होतं. उरलेल्यांना आवाजाचं सांगितलं की अचानक घरची कामं आठवायची. आता घरमालकानं रविवारपर्यंतची मुदत दिली होती, आणि कुत्र्यासकट दुसरी खोली कुणी देईना. खरं सांगून सांगून तिचा जीव विटला होता. आज तोंड उघडायचंच नाही, असं तिनं सकाळीच ठरवलं होतं.

“मावशी, तुम्हाला आवडलं का?”

“तिला काय इचारता? मी सांगतो की,” मामा म्हणाले. “जिंतूरच्या अलीकडं शेत हाय आमचं. रानडुकरांनी लय वैताग आणलाय. हे भुंकलं की मी बॅटरी घेऊन उठलोच.”

झालं! नेमकं भुंकण्यासाठीच न्यायचं होतं. राजेश्रीनं मुकाट्यानं पिल्लू दत्तक देण्याचा फॉर्म पुढे केला. मामांनी पेनचं टोपण काढलं. एक सही, की सुटली ती. पण चार दिवसांत हे कळेल आणि पिल्लू पुन्हा कुठल्या तरी रस्त्याच्या कडेला येईल. तिनं फॉर्म ओढून घेतला.

“ते भुंकत नाही, मामा. मुकं आहे.” स्वतःच्याच रागानं तिचा आवाज चढला होता.

मामांनी पिल्लाच्या गळ्यावरचे केस बाजूला करून वळ पाहिला आणि त्याला खाली ठेवलं.

“मग आदी सांगायचं की! उगंच एवढ्या लांबून आलो.” ते उठले. “चल गं.”

कडूबाई उठल्या नाहीत. पिल्लू त्यांच्या साडीचा काठ चघळत होतं.

“चल म्हणलं ना. ऐकलं न्हाईस का? मुकं हाय ते.”

“ऐकलं की.” कडूबाईंनी काठ सोडवला नाही. “मी तरी कवा बोलले तुमच्या घरात? तीस वर्सं राखलंच ना?”

मामा एक पाय चपलेत घालून तसेच उभे राहिले.

“कुठं सही करायची, बाई?” कडूबाईंनी विचारलं.

राजेश्रीनं फॉर्मवर बोट ठेवून दाखवलं. पिल्लाला एका हातानं पोटाशी धरून कडूबाई एकेक अक्षर सावकाश लिहू लागल्या. मामा गाडी वळवायला बाहेर गेले.